एक हप्ता चुकला म्हणून...

बँकेत अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा पहिली दोन वर्षे मी 'प्रोबेशन'वर होतो. आमच्या वडिलांना या शब्दाचे फार कौतुक. घरी येणाऱ्या प्रत्येकाला 'चिरंजीव सध्या प्रोबेशनवर आहेत' असे ते चहाच्या आधीच सांगून टाकत. एकदा फौजदारी कोर्टात उभी हयात घालवलेले त्यांचे एक वकील मित्र आले होते. त्यांनी हे वाक्य ऐकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि काळजीच्या स्वरात विचारले, 'अरेरे! कलम कोणतं लागलं?'

त्या दिवशी घरात बरेच हसे पिकले. पण वकीलसाहेबांनी लावलेला अर्थ काही चुकीचा नव्हता, आणि आजचा लेख त्या अर्थाबद्दलच आहे. कायद्याच्या मराठीत प्रोबेशनला 'परिवीक्षा' म्हणतात. शब्द बोजड असला तरी कल्पना घरगुती आहे. गुन्हा शाबीत झालेला असतो. पण न्यायाधीश म्हणतात, तुला तुरुंगात पाठवत नाही. इतकी वर्षे आपल्या घरी राहा, नीट वाग, या या अटी पाळ, आमचा अधिकारी तुझ्यावर नजर ठेवील. वाचकांनी हिची पॅरोलशी गल्लत करू नये. तुरुंगात काही काळ काढलेल्या कैद्याला मुदतीआधी अटींवर सोडणे म्हणजे अमेरिकेतला पॅरोल. आणि आईच्या आजारपणासाठी आपल्याकडचा कैदी काही दिवस पॅरोलवर घरी येतो, तो आणखी निराळा.

परिवीक्षा कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दिलेली परिवीक्षा मोडली तर पुढे काय, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. अमेरिकेत गेली पंधरा-वीस वर्षे निरनिराळ्या राज्यांच्या विधिमंडळांत नेमका हाच प्रश्न गाजतो आहे. तिथे फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांचा, त्यामुळे पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा. मी काही कायद्याचा पंडित नव्हे. पण साडेतीन दशके लोकांना कर्जे दिली, त्यांचे हप्ते चुकताना पाहिले आणि चुकल्यावर काय करायचे याचे निर्णय घेतले. त्या अनुभवाच्या चष्म्यातून हा प्रश्न जसा दिसतो तसा मांडतो.

या कल्पनेचा जनक वकीलही नव्हता आणि न्यायाधीशही नव्हता. बोस्टन शहरात बूट तयार करणारा जॉन ऑगस्टस नावाचा एक व्यावसायिक होता. १८४१ साली तो पोलीस कोर्टात गेला असता त्याला दारूच्या आरोपाखाली आणलेला एक फाटका माणूस दिसला. ऑगस्टसने त्याच्याशी दोन शब्द बोलून पाहिले, त्याच्याकडून दारू सोडण्याचे वचन घेतले आणि कोर्टाला सांगितले, मी जामीन राहतो. तीन आठवड्यांनी तो माणूस पुन्हा कोर्टासमोर उभा राहिला तेव्हा ओळखू येईना. न्यायाधीशांनी त्याला एक सेंट दंड आणि कोर्टखर्च एवढ्यावर सोडले. ऑगस्टस १८५९ साली वारला. तोपर्यंत त्याने एकूण १,९४६ माणसांना जामीन राहून सोडवले होते. त्यांना काम मिळवून द्यायचे, राहायला जागा बघायची, अधूनमधून जाऊन चौकशी करायची, असा त्याचा क्रम. जामीन बुडवणारे निघाले ते बोटांवर मोजण्याइतके. वसुलीचा असा आकडा माझ्या कुठल्याही शाखेला कधी दाखवता आला नाही! पुढे १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा पहिला कायदा केला.

ऑगस्टसच्या पद्धतीत माणूस आधी आणि अट नंतर होती. दीडशे वर्षांत हा क्रम उलटा कसा झाला, ही एक कादंबरीच आहे. आज अमेरिकेत सुमारे तीस लाख प्रौढ माणसे परिवीक्षेवर आहेत. प्रत्येकाच्या हातात अटींचा कागद असतो. अमुक दिवशी अधिकाऱ्यापुढे हजर राहा. परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जाऊ नको. नोकरी धर, ती बदललीस तर कळव. लघवीची तपासणी दे. रात्री अमुक वाजता घरात पाहिजेस. दंड भर, नुकसानभरपाई भर, आणि अनेक राज्यांत आपल्यावर नजर ठेवल्याची फीदेखील दरमहा भर. यांतली एकेक अट वाचली तर कोणी शहाणा माणूस तिला नाव ठेवणार नाही. पण अशा पंधरा-वीस अटी एकत्र पाळायच्या, त्याही पाच-सात वर्षे, त्याही दोन बस बदलून कामावर जाणाऱ्या माणसाने, हे कसे व्हावे? मालकाने जादा पाळी सांगितली तर हजेरी चुकते. हजेरी गाठली तर नोकरी जाते. आणि नोकरी गेली की नोकरीची अट मोडते. इकडे आड, तिकडे विहीर.

अटी मोडण्याचे दोन प्रकार आहेत. माणसाने नवा गुन्हा केला तर तो एक प्रकार झाला. हजेरी चुकली, फी थकली, न विचारता शेजारच्या राज्यात गेला, हा दुसरा प्रकार; त्याला तिकडे 'तांत्रिक भंग' म्हणतात. एरवी कोणी यांतले काही केले तर तो मुळी गुन्हाच नाही. पण परिवीक्षेवरच्या माणसाने केले तर त्याची परिवीक्षा रद्द होऊन त्याची रवानगी तुरुंगात होऊ शकते. अमेरिकेतल्या राज्य सरकारांच्या एका परिषदेच्या न्यायविषयक केंद्राने २०१९ साली देशभरचे आकडे गोळा केले. राज्यांच्या तुरुंगांत नव्याने दाखल होणाऱ्या दर शंभर जणांपैकी पंचेचाळीस जण परिवीक्षेच्या किंवा पॅरोलच्या अटी मोडल्यामुळे आलेले निघाले. त्यांतले निम्म्याहून अधिक, म्हणजे शंभरातले सुमारे पंचवीस, केवळ तांत्रिक भंगापायी आत गेले होते. कोणत्याही एका दिवशी मोजले तर अटी मोडल्यामुळे तुरुंगात असलेली माणसे दोन लाख ऐंशी हजार, आणि त्यांच्यावरचा राज्यांचा वर्षाचा खर्च नऊ अब्ज डॉलरच्या वर. जी योजना तुरुंगाऐवजी म्हणून निघाली, तीच तुरुंगाचा मागचा दरवाजा होऊन बसली.

२०१८ साली निवृत्त झाल्यावर आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. ती फिलाडेल्फियाजवळ राहते. एप्रिल महिना होता. एका संध्याकाळी जावई टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना लावून बसले होते. सामना सुरू होण्यापूर्वी एका तरुणाला मैदानात आणले, त्याने मोठी घंटा वाजवली आणि सारे स्टेडियम उभे राहून ओरडू लागले. मी विचारले, हा कोण खेळाडू? जावई म्हणाले, 'खेळाडू नाही बाबा, हा गायक. तासा-दोन तासांपूर्वी तुरुंगातून सुटलाय. हेलिकॉप्टरनं आणलंय त्याला इथं.' आपल्याकडे तुरुंगातून सुटलेल्या पुढाऱ्यांच्या मिरवणुका पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यामुळे प्रथम मला त्यात नवल वाटले नाही. हकीकत ऐकली तेव्हा वाटले.

त्या गायकाचे नाव मीक मिल. रॅप हा प्रकार माझ्या कानांना झेपत नाही, तेव्हा त्याच्या कलेविषयी मी बोलत नाही. २००७ साली, एकोणीस वर्षांचा असताना, पिस्तूल आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याला अटक झाली. शिक्षा झाली, काही महिने तुरुंगात काढले आणि मग परिवीक्षा सुरू झाली. ती संपेचना! आज परवानगीवाचून प्रवास केला, उद्या आणखी काही, असे निघत गेले. कधी तुरुंग, कधी घरातच स्थानबद्धता, आणि दर वेळी परिवीक्षेचा काळ वाढत गेला. २०१७ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याने मोटारसायकलचे पुढचे चाक उचलून कसरत केली आणि सेंट लुइसच्या विमानतळावर त्याची कोणाशी तरी बाचाबाची झाली. दोन्ही ठिकाणचे आरोप पुढे टिकले नाहीत. पण फिलाडेल्फियाच्या न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आजवरचे सारे अटभंग एकत्र मोजून त्याला दोन ते चार वर्षांची कैद सुनावली. सरकारी वकील आणि परिवीक्षा अधिकारी या दोघांनीही तुरुंगाची शिफारस केलेली नव्हती. पुढे पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा हुकूम केला. २०१९ साली मूळची शिक्षाच रद्द झाली, कारण ज्या पोलिसाच्या साक्षीवर ती उभी होती त्याच्या विश्वासार्हतेबद्दलच प्रश्न निर्माण झाले होते. अखेर पिस्तूल बाळगल्याचा किरकोळ गुन्हा त्याने कबूल केला आणि अधिक शिक्षा न होता प्रकरण मिटले. तोवर बारा वर्षे गेली होती.

तो पैसेवाला होता, त्याच्यासाठी शहरभर फलक लागले, म्हणून जगाला हे कळले. पण मला त्याच्या कहाणीपेक्षा कायद्यातल्या एका बारीक तरतुदीने अस्वस्थ केले. पेनसिल्वेनियात परिवीक्षा रद्द झाली की मूळ शिक्षा देताना न्यायाधीशाला जे जे अधिकार होते ते सगळे त्याला परत मिळत. आणि माणसाने बाहेर राहून, अटी पाळत जी वर्षे काढली, ती शिक्षेत मोजली जात नसत. वाचकहो, हे बँकेच्या भाषेत सांगतो म्हणजे लक्षात येईल. समजा, तुम्ही दहा वर्षांच्या मुदतीचे घरकर्ज घेतलेत. आठ वर्षे इमानेइतबारे हप्ते भरलेत. नवव्या वर्षी पत्नीचे ऑपरेशन निघाले आणि एक हप्ता चुकला. दुसऱ्या दिवशी बँकेने बोलावून सांगितले, 'कर्ज रद्द. सगळे मुद्दल एकरकमी परत करा. आणि हो, आठ वर्षांत तुम्ही भरलेले पैसे आम्ही जमेला धरत नाही.' अशा बँकेचे तुम्ही काय कराल? तिच्या काचा तरी फोडाल किंवा रिझर्व्ह बँकेकडे तरी धाव घ्याल. परिवीक्षेवरच्या माणसाला दोन्हींपैकी काहीच करता येत नाही.

खरी बँक असे वागत नाही. का वागत नाही, हे मी फार लवकर शिकलो. सांगलीजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत लेथवर सुटे भाग करणारा एक कारखानदार आमचा कॅश क्रेडिटचा खातेदार होता. दर महिन्याला मालाचा हिशेब, ज्याला आम्ही स्टॉक स्टेटमेंट म्हणतो, तो बँकेत देणे त्याच्यावर बंधनकारक. सलग तीन महिने तो आला नाही. वरच्या कार्यालयातून पत्र आले, अटींचा भंग झाला आहे, कर्ज परत मागवा. आमचे मॅनेजर जुन्या पठडीतले होते. ते पत्र खिशात घालून मला म्हणाले, 'चला, गोदाम बघून येऊ.' गेलो तर माल जागच्या जागी होता. नव्हता तो हिशेब लिहिणारा कारकून. तो नोकरी सोडून गेला होता, आणि मालकाला लेथ चालवता येत होता पण तक्ता भरता येत नव्हता. मॅनेजर परत येताना एवढेच म्हणाले, 'माल विकून खाल्ला असता तर आजच जप्ती आणली असती. कागद नाही म्हणून माणूस बुडवायचा नसतो.' त्या खात्याला दंडव्याज लागले, एक कडक नोटीस गेली आणि दोन महिने आमचा एक शिपाई दहा तारखेला जाऊन तक्ता भरवून आणू लागला. खाते तरले.

बँकांच्या शहाणपणात दयेचा भाग फार नसतो. बुडालेल्या कर्जदारापेक्षा उभा असलेला कर्जदार जास्त पैसे फेडतो, एवढा तो हिशेब आहे. म्हणून आमच्याकडे पायऱ्या असतात. आधी आठवणपत्र, मग दंड, मग नोटीस, मग हप्त्यांची पुनर्रचना, आणि सगळे थकल्यावर कोर्ट. हप्ता थकल्यापासून नव्वद दिवस होईपर्यंत खाते बुडीतच्या यादीत जात नाही. आणि ऐपत असून न भरणारा 'हेतुपुरस्सर थकबाकीदार' आम्ही वेगळा काढतो. परिवीक्षेच्या कायद्यात हीच वर्गवारी हवी, असे माझे म्हणणे आहे. भरता येत नाही तो आणि भरायचेच नाही तो, कागद चुकवणारा आणि माल पळवणारा, यांना एका दोरीने बांधू नये.

यातला पहिला भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी केलेला आहे. 'बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया' हा १९८३ सालचा निकाल बँकवाल्यांनीही वाचण्यासारखा आहे. चोरीच्या प्रकरणात बेअर्डन याला जॉर्जिया राज्यात तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. अट अशी की पाचशे डॉलर दंड आणि अडीचशे डॉलर भरपाई भरायची. त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन दोनशे डॉलर लगेच भरले. उरलेले साडेपाचशे चार महिन्यांत द्यायचे होते. महिनाभरात त्याची नोकरी गेली. नववीपर्यंत शाळेत गेलेला, पण धड लिहिता-वाचता न येणारा माणूस. काम शोधूनही मिळेना. मुदतीच्या आत त्याने अधिकाऱ्याला कळवले की पैसे भरायला उशीर होईल. परिवीक्षा रद्द झाली आणि तो तुरुंगात गेला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निकालपत्रात म्हटले ते थोडक्यात असे, की माणसाने प्रामाणिक प्रयत्न करूनही पैसे भरता आले नाहीत, तर दुसरा काही उपाय पुरेल का हे तपासल्यावाचून त्याला केवळ त्या कारणासाठी तुरुंगात टाकता येणार नाही. निकाल स्वच्छ आहे. पण ऐपत तपासायची कोणी, केव्हा आणि कशी, हे राज्यांच्या कायद्यांनी लिहायला हवे होते. जिथे लिहिले नाही, तिथे तो निकाल ग्रंथालयाच्या कपाटात आणि थकबाकीदार कोठडीत, अशी वाटणी झाली.

चौकशीच्या पद्धतीचेही असेच झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली पॅरोलबाबत आणि १९७३ साली परिवीक्षेबाबत ठरवून दिले की सुनावणीशिवाय ती रद्द करता येणार नाही. मात्र ही सुनावणी म्हणजे खटला नव्हे. तिथे पंच बसत नाहीत, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क प्रत्येक वेळी नाही, आणि आरोप संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. पारडे थोडेसे झुकले तरी पुरते. त्यामुळे नव्या खटल्यात निर्दोष सुटलेल्या माणसाची त्याच आरोपावरून परिवीक्षा मात्र रद्द, असा चमत्कार घडू शकतो.

आता सुधारणांकडे येतो. माझ्या मते सगळ्यांत बोलका धडा लुइझियानाचा. हे राज्य सौम्यपणाबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हते. तिथे २००७ साली कायदा झाला की पहिल्या तांत्रिक भंगासाठी परिवीक्षा रद्द झाली तर जास्तीत जास्त नव्वद दिवस आत ठेवायचे आणि मग परत परिवीक्षेवर सोडायचे. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे परिणाम मोजले गेले. अशा माणसांचा तुरुंगातला काळ सरासरी २८१ दिवसांनी कमी झाला. मग गुन्हे वाढले असतील, असे कोणालाही वाटेल. पण नव्या गुन्ह्यासाठी परत तुरुंगात येणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांनी घटले. आणि सरकारचे वर्षाला पावणेदोन कोटी डॉलर वाचले. त्याचे कारण शोधायला फार विद्वत्ता लागत नाही. नव्वद दिवसांनी परतलेल्या माणसाची खोली, नोकरी, बायकामुले कदाचित जागेवर असतात. वर्षाने परतलेल्याची नसतात.

कॅलिफोर्नियाने दुसरी वाट धरली. तिथे २०२० साली मंजूर झालेला कायदा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. किरकोळ गुन्ह्यांना एक वर्ष आणि गंभीर गुन्ह्यांना दोन वर्षे, यापेक्षा अधिक परिवीक्षा सामान्यतः द्यायची नाही. हिंसक गुन्हे वगैरे काही अपवाद सोडून. अटी मोडायला वावच कमी ठेवायचा, असा त्यामागचा विचार. मला तो पटतो. जो माणूस पहिली दोन वर्षे नीट निघतो तो बहुधा निघतोच, आणि त्याच्या फायली वाहण्यात अधिकाऱ्याचा जो वेळ जातो तो ज्याच्यावर खरोखर लक्ष हवे त्याच्या वाट्याचा असतो.

आणि मीक मिलच्या पेनसिल्वेनियाने? तिथला कायदा व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. पहिल्या तांत्रिक भंगाला चौदा दिवसांपेक्षा अधिक कैद नाही, दुसऱ्याला तीस दिवसांपेक्षा नाही. ठरावीक काळानंतर प्रत्येकाच्या परिवीक्षेचा फेरविचार करायचा. पण एकूण परिवीक्षा किती वर्षांची असावी याची मर्यादा त्यांनी घातलीच नाही. त्या गुन्ह्याला जेवढी कमाल शिक्षा, तेवढी परिवीक्षा देता येते, आणि दोन-तीन आरोप असले तर ती एकापुढे एक जोडताही येते. म्हणून सुधारणेच्या बाजूच्या काही मंडळींनीच या कायद्याला विरोध केला होता. मला हा कायदा अर्धा पेला वाटतो. तीस वर्षे सरकारी परिपत्रके वाचलेल्या माणसाला अर्धा पेलाही पुष्कळ असतो, हेही खरे.

या सगळ्यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणे चालवतात. त्या म्हणाल्या, 'तुमचं स्टॉक स्टेटमेंट ठीक आहे हो. पण बायकोच्या घराजवळ फिरकू नकोस ही अट असलेला नवरा रात्री अकराला दारात उभा राहिला, तर त्यालाही चौदा दिवसच का?' त्यांचे बरोबर आहे. अशा अटीचा भंग तांत्रिक म्हणायचाच नाही. तो गहाण माल पळवण्याचाच प्रकार झाला. पेनसिल्वेनियाच्या कायद्यात मारहाण किंवा तिची धमकी, लैंगिक स्वरूपाचे वर्तन, शस्त्र बाळगणे, फरारी होणे यांना ही मर्यादा लागू नाही, ते योग्यच आहे. दुसरा आक्षेप असा की न्यायाधीशाच्या हातातली छडी काढून घेतली तर तो परिवीक्षा देईलच कशाला, सरळ तुरुंगात धाडील. ही भीती अगदीच पोकळ नाही. पण लहान छडी आणि मोठी कुऱ्हाड यांत फरक आहे. हवाईत २००४ पासून एका न्यायाधीशांनी लगेच पण थोड्या दिवसांची कैद, असा प्रयोग केला आणि तो बराच गाजला. पुढे चार राज्यांत त्याची पुनरावृत्ती करून पाहिली, तेव्हा नव्या गुन्ह्यांच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. म्हणजे नुसती शिक्षा लहान करून भागत नाही. ऑगस्टस जी नोकरी आणि खोली शोधून देत असे, तो भाग मधल्यामध्ये गळतो आहे.

जाता जाता एक गोष्ट इथल्या पालकांसाठी. ज्यांची मुले तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांच्या कानावर कधी येते की मित्राच्या मुलाला दुकानातल्या चोरीत किंवा तशाच कशात 'नुसती प्रोबेशन मिळाली, सुटला.' तो नागरिक नसेल तर सुटला असे समजू नये. गुन्हा कबूल करून परिवीक्षा स्वीकारली तर अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा ती दोषसिद्धीच मानतो. नंतर राज्याच्या कोर्टाने प्रकरण निकालात काढले तरीही. कबुलीजबाबावर सही करण्यापूर्वी फौजदारी वकिलाबरोबरच स्थलांतराच्या वकिलालाही विचारले पाहिजे.

आणि आपले काय? ऐकून आश्चर्य वाटेल, पण कागदावर आपला कायदा पेनसिल्वेनियाच्या पुढे आहे. १९३८ साली, बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ असताना, मुंबई प्रांताने स्वतःचा परिवीक्षा कायदा केला. पुढे सबंध देशासाठी १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. त्यात मुदत तीन वर्षांपेक्षा अधिक नाही. वागणूक चांगली असेल तर बंधपत्रातून लवकर मोकळे करण्याची सोय आहे. आणि नववे कलम म्हणते की अटी पहिल्यांदाच मोडल्या असतील तर कोर्टाने मूळ शिक्षाच द्यावी असे नाही; परिवीक्षा चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करता येईल. पासष्टहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी दंडव्याजाची पायरी कायद्यात लिहून ठेवली होती, हे वाचून माझ्यातल्या जुन्या बँक अधिकाऱ्याला बरे वाटले.

पण त्याच कलमाचे पुढचे पोटकलम वाचावे. कोर्टाने ठरवून दिलेल्या मुदतीत तो दंड भरला नाही, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येईल, असे ते सांगते. का भरला नाही, भरण्याची ऐपत होती का, हे विचारण्याचे बंधन त्यात कुठेही नाही. आणि दुसऱ्यांदा अट मोडली तर मधली पायरीच नाही. अडीच वर्षे नीट काढलेला माणूस आणि अडीच दिवसांत पळालेला माणूस, कायद्याच्या शब्दांत दोघांनाही मूळ शिक्षा. फौजदारी कायद्यांची नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तीतही परिवीक्षेचे कलम आहे; पण १९५८ च्या अधिनियमातले हे शब्द तसेच राहिले. ते बदलायला कोणी हात घालील तेव्हा पन्नासचे पाचशे किंवा पाच हजार करण्याची सूचना सगळ्यांत आधी येईल, कारण आकडा बदलणे सोपे असते. आकडा खुशाल वाढवा. पण त्याआधी तिथे दोन वाक्ये घाला. बाहेर नीट काढलेले महिने शिक्षेतून वजा होतील, हे एक. आणि दंड थकला तर कोर्ट आधी त्या माणसाची ऐपत तपासील, हे दुसरे.